गंगूमावशीची मूठ

फाल्गुन लागला की माझ्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांना भुसकट चिकटायला लागतं. आमची ही वसाहत सोलापूरच्या अगदी कडेला, कुंभारीच्या रस्त्यावर. इमारतीच्या मागे एकाचं रान अजून शिल्लक आहे आणि तो त्यात अजून शाळूच पेरतो. मळणीयंत्र येतं, दोन-तीन तास घरघरतं, आणि सगळी वसाहत धुरळ्यात बुडवून निघून जातं. मी तणतणत खिडक्या लावून घेते. मग थोड्या वेळानं त्यातली एक किलकिली करून तिथेच उभी राहते. नाक खाजतं, डोळे चुरचुरतात, तरी हलत नाही. सून विचारते, ‘आई, काय बघताय?’ तिला काय सांगणार? मी वारा कुठून येतोय ते बघत असते.

पन्नास वर्षं होऊन गेली. असाच फाल्गुन होता, अशीच शाळूची सुगी होती, आणि त्या महिन्याभरात माझ्या भावाचं नक्की काय झालं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता केस पांढरे झाले तरी ते सगळं कळलंय असं छातीठोकपणे म्हणवत नाही. म्हणून तर लिहायला बसले. लिहिल्यावर कळतं असं लोक म्हणतात, बघू.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. दोन वर्षं खडी फोडून लोकांच्या हातांना घट्टे पडले होते. त्यानंतरचं हे पहिलं भरलेलं खळं. आम्ही राहायचो सोलापुरात, विणकरांच्या वस्तीत. आमचे वडील, आप्पा, गिरणीतून सुटले होते आणि कुंभारीचा चार एकरांचा तुकडा आता स्वतः बघत होते. मी कॉलेजात, विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला. परीक्षा एप्रिलात. पुस्तक खळ्यावर न्यायचं, कडब्याच्या गंजीला टेकून उघडायचं, आणि वारा पानं उलटेल त्या पानाचा अभ्यास करायचा, अशी माझी पद्धत होती.

आणि त्यातच दादा आला. एक पिशवी, एक कागदांची गुंडाळी. ना पत्र, ना तार. आईनं विचारलं, ‘रजा किती दिवसांची?’ तो म्हणाला, ‘आहे थोडी.’ त्यापुढे ताकास तूर लागू दिली नाही.

माझा हा भाऊ, वसंत, विमानं बनवायचा. म्हणजे लांबच्या एका कारखान्यात विमानांचे नकाशे काढायचा. सोलापूरच्या आमच्या बोळात ही गोष्ट सांगितली की लोक आधी हसायचे. त्यानं लहानपणी केलेले उद्योग सगळ्यांना पाठ होते. शेजारच्या नरसक्काच्या हातमागाचा धोटा जास्त वेगानं पळावा म्हणून त्यानं त्याला पत्र्याचे दोन इवले पंख लावले होते. धोटा पळाला तो खिडकीतूनच बाहेर. नरसक्का तेलुगूत जे काही बोलली त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत सगळी पोरं पतंग काटायच्या नादात असायची, हा मात्र शेपटी नसलेला पतंग उडतो का ते बघत बसायचा. वारा हाच त्याचा धंदा. पुढे नगरपालिकेच्या शाळेतून, शिष्यवृत्त्या मिळवत, तो खरोखरच विमानांचा इंजिनिअर झाला. तिथे तो ग्लायडर बनवायचा, म्हणजे इंजिन नसलेलं, नुसत्या वाऱ्यावर तरंगणारं लाकडी विमान. नव्या पोरांना उडायला शिकवायचं ते.

‘इंजान न्हाय तर त्येला इमान कशाला म्हनायचं?’ आप्पांचा दर वेळचा प्रश्न.

‘अहो आप्पा, इंजिन लावलं की कुणीही उडतं,’ दादा म्हणायचा. ‘वाऱ्यावर राहता आलं पाहिजे.’

तो सुट्टीला आला की वजनाबद्दल बोलायचा. पंखातली एखादी लाकडी पट्टी तासून बारीक केली, तर विमान किती जास्त वेळ वर राहतं. एक काडीसुद्धा फुकटची नको. जेवताना तो भाकरीचा जाड काठ काढून बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, ‘हे बघ मंदे, हे वजन कशाला?’ आई म्हणायची, ‘ते वजन पोटाला लागतंय, खा गुमान.’ कारखान्यात त्याचं मोठं नाव होतं. त्याचं ग्लायडर सगळ्यांत हलकं. आम्हाला त्यातलं काही कळायचं नाही, अभिमान मात्र पोटभर वाटायचा.

या खेपेला तो वजनाबद्दल बोलला नाही. भाकरी काठासकट खाल्ली.

आठवडाभरानं पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन दारात आला. ‘सही करा, सायेब,’ म्हणून त्यानं पेन पुढे केलं. दादानं पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसाच उभा राहिला. मी आतून बघत होते. मला वाटलं, पेनात शाई नाही. तो म्हणाला, ‘आई, तू कर.’ पोस्टमन गोंधळला. ‘तुमच्या नावाचं हाय की हो.’ दादानं पेन आईच्या हातात दिलं आणि तो आत गेला. आईनं ओठ घट्ट मिटून, एकेक अक्षर कोरत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पोस्टमन डोकं खाजवत गेला. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

पत्र मीच वाचून दाखवलं. नव्या ग्लायडरच्या पंखाचं ड्रॉइंग तुमच्या सहीवाचून अडलं आहे. पाडव्यानंतरच्या सोमवारी हजर व्हा. येणार नसाल तर राजीनामा पाठवा.

‘राजीनाम्याला बी सही लागतीच की रं,’ आई म्हणाली. दादा हसला, पण ते हसू काही मला आवडलं नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. पाडवा तीन आठवड्यांवर. तोवर हा माणूस पुन्हा सही करणार की नाही? घरात कुणी ते उघड बोलत नव्हतं. आई मात्र किराण्याची यादीसुद्धा त्याच्याकडून लिहून घ्यायला लागली. यादी तो लिहायचा. खाली नाव घालायचा नाही.

मग तो आप्पांबरोबर खळ्यावर यायला लागला. बैल खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती फिरत होते, कणसं तुडवली जात होती. मळणी झाली आणि उफणणीची वेळ आली, तसं वारं पडलं. असं होतंच. दुपारभर पान हलत नाही, संध्याकाळी पश्चिमेकडून येईल म्हणून सगळे वाट बघत बसतात. उफणायला कुंभारीच्या गंगूमावशी आणि तिची सून यायच्या. गंगूमावशी बौद्धवाड्यातली, आईपेक्षा वयानं मोठी, कपाळ रुंद, बोलणं तोंडावर. आप्पांच्या खळ्यावर ती वीस वर्षं येत होती. वारा आला की ती तीन पायांच्या उंच तिवईवर चढायची, सून खालून पाटी द्यायची, आणि ती दाणे-भुसा असा काही लयीत खाली सोडायची की दाणे पायाशी पडायचे आणि भुसा पिवळी रेघ होऊन लांब जायचा. दादा तिच्याकडे टक लावून बघत बसायचा.

त्या वाट बघण्याच्या एका दुपारी त्यानं मला सांगितलं. मी पुस्तकात डोकं घालून होते, तो बाजूला काडीनं मातीत रेघा ओढत होता.

‘पंखातली एक पट्टी मी बारीक केली होती. ग्लायडर उतरताना पंख दुमडला. आतला शिकाऊ पोरगा वाचला. पण कंबर गेली त्याची, आता उडायचा नाही.’

मी पुस्तक मिटलं.

‘चौकशी झाली. शेवटी लिहिलं, कारण निश्चित सांगता येत नाही. वारा असेल, लाकूड चिकटवायचा सरस असेल, पट्टी असेल.’

‘मग तुझी चूक नाही ना?’

‘तेच कळत नाही, मंदे. चूक आहे म्हणाले असते तर बरं झालं असतं.’

मग काडी मातीत टेकवून म्हणाला, ‘ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात. एकात काढणाऱ्याची सही, दुसऱ्यात तपासणाऱ्याची. त्या दिवशी घाई होती. मी दोन्हीत माझीच केली. कुणी अडवलं नाही. माझं चुकत नाही असं सगळ्यांना वाटायचं. मलापण.’

एवढं बोलून त्यानं मातीतल्या रेघा पुसून टाकल्या. मला वाटलं होतं, खरं कळलं की बरं वाटेल. झालं भलतंच. मला त्याचा राग आला, कीव आली, आणि त्या न पाहिलेल्या पोराच्या कमरेचा विचार येऊन माझीच पाठ दुखायला लागली. त्या दिवशी वारा आला की नाही हेही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा उठला तोच कामाला लागला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, कुंभारीच्या सुताराच्या ओट्यावर बसून त्याची चार पाती तासली. प्रत्येक पात्याला पीळ, मुळाशी जास्त, टोकाला कमी. सुतार म्हणाला, ‘वाकडं झालं की हो.’ दादा म्हणाला, ‘वाकडंच पाहिजे.’ जुन्या सायकलीला घोडी लावून, मागच्या चाकावरून पट्टा घेऊन, त्यावर ही पाती फिरवायची. म्हणजे वाऱ्याची वाट बघायला नको. आप्पा हरखून गेले. फक्त खळ्यात चप्पल चालत नाही, तर सायकल कशी चालणार, यावर ते अडले. शेवटी चाकं धुऊन, हळद-कुंकू लावून सायकल आत घेतली.

पहिल्या दिवशी पंख्यातून वारं आलं, पण ते गरगरत आलं. भुसा गोल फिरून परत राशीत. गंगूमावशी तिवईवरून खोकत खाली उतरली. ‘ह्ये वारं हाय का वावटळ?’

दादाला कारण माहीत होतं. पंख्याचा वारा पिळलेला असतो, तो सरळ करायला जाळी लागते. त्यासाठी तो नरसक्काकडे गेला. तिच्याकडे सुताच्या रिकाम्या कागदी नळ्यांचा ढीग पडलेला असायचा. धोट्याची गोष्ट तिच्या ध्यानात होती, तरी तिनं दोन पोती नळ्या दिल्या. त्या दादानं तेलाच्या डब्यांच्या पत्र्याच्या चौकटीत एकीवर एक रचल्या. तोंडाशी उभं राहिलं की नुसती गोल-गोल भोकं. पंख्याचा वारा त्या नळ्यांतून जायचा आणि पलीकडून निघताना शहाण्यासारखा सरळ निघायचा.

पायडल मारायला मी. आप्पांचे गुडघे गेलेले, दादाला पंख्याजवळ थांबायचं होतं. कुंभारीच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहिल्या. ‘अगं बाई, आप्पाची पोरगी सायकलवर बसून जागच्या जागी पळतीया!’ मी लाजेनं लाल, घामानं चिंब, पदर कंबरेला खोचलेला. पण त्या दिवशी उफणणी जी झाली, ती कुणी पाहिली नव्हती. दाणा इकडे, भुसा तिकडे, मध्ये सुरी फिरवल्यासारखं. भर दुपारी, पान हलत नसताना. आप्पा राशीत हात घालून नुसते हसत होते. ‘वसंता, एक दाना वाया न्हाय गेला बग. एक बी!’ दादाच्या तोंडावर जुना दादा दिसला. मला वाटलं, सुटलं. आता हा सही करणार.

तेवढ्यात गंगूमावशीनं त्याला हाक मारली. ती खळ्याच्या कडेला, भुश्यापाशी बसली होती.

‘वसंता, हितं ये की. हात कर.’

त्यानं हात पुढे केला. तिनं मूठभर भुसा त्याच्या तळव्यावर ठेवून फुंकर मारली. ‘काय ऱ्हायलं?’

‘काही नाही.’

‘त्येच म्हनतीया मी.’

मला क्षणभर समजलं नाही. आप्पांना समजलं. भुश्याबरोबर उडून जाणारे दाणे, कडेच्या मातीत मिसळलेले, ते मातेरं उफणणाऱ्या बायकांचं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या तसंच. मजुरी वेगळी, मातेरं वेगळं. बायका ते घरी नेऊन आठ-आठ दिवस पाखडायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडाला तेच त्यांच्या चुलीवर असायचं. दादाच्या पंख्यानं वाया जाणारा दाणा वाचवला होता. तो कुणाचा, हे हिशेबात धरलंच नव्हतं. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि मी त्याच खळ्यावर लहानाची मोठी झाले होते.

आप्पा वाईट माणूस नव्हते. लगेच म्हणाले, ‘अगं, त्यात काय? राशीतलं पाटीभर घे की. टपोरं हाय.’

‘नगं, आप्पा. राशीतलं तुमचं, भुसातलं आमचं.’

‘मावशी, दाणा तोच आहे ना?’ दादा म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

‘दाना त्योच रं. पर देनारा कोन?’ ती उठून उभी राहिली. ‘वाऱ्यानं दिलं तर मी कुनाची मिंधी न्हाय. तू दिलंस तर उद्या तुझ्याम्होरं मान खाली घालाय पायजे. ह्या साली देशील. म्होरल्या साली तू न्हाईस. आप्पाचं मन झालं तर दीतील, न्हाय तर न्हाय.’

‘मंजी आमी काय चोर हाय व्हय?’ आप्पांचा आवाज चढला.

‘चोर कोन म्हनलं? मी माझं कुटं गेलं इचारतीया.’

आप्पांचं बरोबर वाटत होतं. गंगूमावशीचं त्याहून बरोबर वाटत होतं. दादाचं काय चुकलं तेही सांगता येत नव्हतं, आणि माझ्या पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की मला कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं. दादा आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत होता. मग त्यानं हात झटकले आणि पायी सोलापूरची वाट धरली. आता संपलं, असं मला वाटलं. पंखाही गेला, सहीही गेली. तो तर एस.टी.लासुद्धा थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मात्र माझ्याआधी खळ्यावर. नळ्यांच्या चौकटीसमोर उकिडवा बसला होता. म्हणाला, ‘वारा सरळ करायला शिकलो मी. थोडा वाकडा कसा ठेवायचा, ते कुणी शिकवलं नाही.’ मग त्यानं खालच्या डाव्या कोपऱ्यातली एक नळी उपसून काढली आणि गंगूमावशीला हाक मारली.

‘मावशी, तिवईवर सून राहू दे. तू भुश्यापाशी बस. मी एकेक नळी काढतो. किती काढायच्या, तू सांग.’

‘मला काय ठावं तुजं मिशिन?’

‘मशीनचं नको सांगू. नेहमी किती येतं, तेवढं सांग.’

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग पदर खोचून बसली. ‘मुठीत सा-सात दानं घावाय पायजेत.’

मी पायडल मारलं. एक नळी काढली, मूठ, फुंकर. ‘न्हाय.’ दोन, तीन, पाच. ‘न्हाय अजून.’ त्या मोकळ्या कोपऱ्यातून वारा वेडावाकडा घुसायला लागला, चार दाणे वाट चुकून भुश्याकडे जायला लागले. दहा. पंधरा. आप्पा लांब बाभळीखाली बसून हे सगळं बघत होते. आपला दाणा मुद्दाम उधळताना बघायचं, म्हणजे त्यांच्या जिवाला किती लागत असेल! पण अडवायला आले नाहीत. बावीस नळ्या निघाल्या तेव्हा गंगूमावशीनं मूठ उघडली, फुंकलं, मोजलं, आणि मान हलवली.

‘लई झालं. तीन घाल माघारी. येवडं वारं कदी देत न्हाय.’

दादाच्या हातातल्या नळ्या तशाच राहिल्या. आप्पा उठले, आमच्याकडे पाठ करून डेऱ्यातलं पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ तिथंच थांबले. तीन नळ्या परत गेल्या. मी पाय चालवले. तिनं मूठ घेतली. सहा दाणे.

‘हां. हितं थांब.’

नंतर मी तिला विचारलं होतं, ‘मावशी, नळ्या दादानं काढल्या. मग हे दादानंच दिलं की. वाऱ्यानं कुठं दिलं?’ मला खरंच तो गुंता सुटत नव्हता. ती पाखडता पाखडता म्हणाली, ‘मूठ माजी हाय न्हवं?’ आणि परत पाखडायला लागली. मी त्यावर अजून विचार करते. कधी ते पूर्ण पटतं, कधी वाटतं तिनं माझी टिंगल केली.

उफणणी संपली त्या संध्याकाळी तिनं नवीनच काढलं. ‘म्होरल्या सालाला आप्पानं ती भोकं बुजिवली तर?’

‘बुजिवनारच की!’ आप्पा म्हणाले, पण हसत. आदल्या दोन दिवसांत त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती.

‘मग लिवून द्या. वसंता, तू तर शिकलेला हाईस.’

वारा त्याच वेळी सुटला, खराखुरा, पश्चिमेचा, आता कुणालाच नको असलेला. दादानं पिशवीतून, येताना आणलेल्या त्या गुंडाळीतला एक कागद काढला. तीन आठवडे तो उलगडला नव्हता. पाठकोऱ्या बाजूवर, पाटीचं बूड वर करून, त्यावर त्यानं पंखा काढला. पाती, पट्टा, चौकट, आणि चौकटीत नळ्यांची गोल-गोल भोकं. खालच्या डाव्या कोपऱ्यातली एकोणीस त्यानं कोरी ठेवली आणि शेजारी लिहिलं, ‘मातेरं. गंगूमावशीच्या मुठीनं सहा दाणे.’ मग खालच्या उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन आखले.

माझ्या पेनातली शाई त्यानं तिच्या अंगठ्याला लावली. ‘हितं, मावशी. तपासणाऱ्याचा चौकोन. तुझा आधी.’

तिनं अंगठा दाबला. मग त्यानं पेन उचललं. कागद वाऱ्यानं फडफडत होता, मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आप्पा मुद्दाम बैलांकडे बघत होते. पेन टेकलं, थांबलं. मला पोस्टमन आठवला. मग तो जुना, लांब फराट्याचा ‘व’ उमटला आणि त्यामागून बाकीचं नाव.

‘काय लिवलंस?’ गंगूमावशी.

‘माझं नाव.’

‘येवडंच? त्येला येवडा येळ?’

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. तिनं शेंगदाण्याचा कूट करायला घेतला आणि कुटता कुटता रडली. पाडव्याला शेंगापोळ्या झाल्या. रविवारी दादा गाडीत बसला. मी परीक्षेत वाऱ्याच्या दाबावरच्या प्रश्नात गोते खाल्ले, हेही जाता जाता सांगून टाकते.

तो पंखा कुंभारीत तीन-चार सुग्या चालला. भोकं कुणी बुजवली नाहीत. मग नळ्या उंदरांनी खाल्ल्या, आप्पा गेले, गंगूमावशी गेली, आणि मळणीयंत्रं आली. दादानं पुढे पुष्कळ विमानं केली. ग्लायडर केले, रानावर औषध फवारणारं छोटं विमान केलं, पात्यांचा एक नवाच पीळ शोधला, त्याबद्दल मानपत्रंही मिळाली. त्याच्या निवृत्तीच्या समारंभात कुणीसं हसत म्हणालं होतं, ‘सरांची विमानं जरा जड असतात, पण परत येतात.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला कळेना, टाळ्या कशाला? जड म्हणाले म्हणून की परत येतात म्हणून? तरुणपणीचा, भाकरीचा काठ काढून टाकणारा दादा जास्त हुशार होता, की नंतरचा? तो कुंभारीच्या खळ्यावर शहाणा झाला, की नुसताच भ्याला? एकदा धीर करून विचारलंही, ‘त्या पट्टीमुळेच पंख दुमडला का रे?’ तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. म्हणाला, ‘माहीत नाही.’ आणि गेल्या श्रावणात तो तसाच, ते माहीत न होताच, गेला.

परवा त्याच्या कारखान्यातून फोन आला. एक तरुण मुलगी, केरळकडची, तिथे इंजिनिअर आहे. सरांची जुनी ड्रॉइंगं जपून ठेवायचं काम तिच्याकडे आलंय. ती तोडक्यामोडक्या हिंदीत बोलत होती, मी मराठीत लिहिते आहे.

‘मॅडम, सरांच्या प्रत्येक ड्रॉइंगवर कोपऱ्यात एक शब्द आहे. मातेरं. पुढे काहीतरी आकडा. आम्ही सगळे तो वापरतो. नवीन ड्रॉइंग आलं की सीनियर विचारतात, यात मातेरं किती ठेवलंय? पण अर्थ कुणालाच माहीत नाही. कुणी म्हणतं फ्रेंच आहे.’

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. खिडकीबाहेर यंत्र घरघरत होतं. तिला खळं सांगू, भुसा सांगू, की एकोणीस भोकं? काय-काय सांगितलं आता आठवत नाही. गोंधळच केला असणार मी.

ती म्हणाली, ‘म्हणजे सुरक्षेसाठी ठेवलेली जास्तीची ताकद. तो आकडा तर आम्हीच काढतो, मॅडम.’

‘नाही गं,’ मी म्हटलं, ‘तो आपण काढायचा नसतो.’ आणि मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, ‘तुझ्या ड्रॉइंगवर तपासणाऱ्याची सही कुणाची असते?’

‘सध्या माणसं कमी आहेत, मॅडम. दोन्ही माझ्याच.’

माझ्या तळव्याला तो फडफडणारा कागद परत जाणवला.

‘असं नको करू, बाळ. आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखव.’

‘कुणाला दाखवू?’

‘त्यात बसणार कोण आहे?’ मी म्हटलं. ‘त्याला.’